पात्रं दुसऱ्याची, गोष्ट आपली

मागच्या अंकात चाहत्यांनी लिहिलेल्या विज्ञानकथांवर मी थोडंसं लिहिलं होतं. आवडत्या कादंबरीतली, मालिकेतली किंवा गेममधली पात्रं घेऊन वाचकच पुढच्या गोष्टी लिहितात, फुकट वाटतात आणि एकमेकांना दाद देतात, एवढाच त्याचा आशय होता. त्यावर पोस्टाने, ईमेलने आणि आमच्या वाचनालयाच्या काउंटरवर हातोहात बरीच पत्रं आली, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते.

*

ताई, माझी मुलगी नववीत आहे. एका परदेशी अंतराळ-मालिकेतली पात्रं घेऊन ती गोष्टी लिहिते. वह्याच्या वह्या भरल्या आहेत, आणि आता टोपणनावाने नेटवरही टाकते. अभ्यास बरा चाललाय, पण दुसऱ्याची पात्रं घेऊन लिहिणं ही उचलेगिरीच ना? 'स्वतःचं काहीतरी लिही' म्हटलं की रुसून बसते. काय करू?
– एक आई, नाशिक

उचलेगिरी म्हणजे दुसऱ्याचं लिखाण आपल्या नावावर खपवणं. तुमची लेक ते करत नाही. ती पात्रं कोणाची हे तिच्या प्रत्येक वाचकाला माहीत असतं, तो येतोच त्या पात्रांसाठी. आणि हा वाचक फार कडक असतो. एखादं वाक्य त्या पात्राच्या तोंडी शोभलं नाही, तर 'तो असं बोलणारच नाही' म्हणून लगेच कळवतो. आपल्याकडच्या नवोदित लेखकांना इतकं बारकाईने वाचणारं माणूस दहा-दहा वर्षं मिळत नाही. तुमच्या मुलीला ते चौदाव्या वर्षी मिळालंय.

'स्वतःचं लिही' यावर ती का रुसते, तेही समजून घ्या. ती स्वतःचंच लिहिते आहे. मोरोपंतांनी 108 रामायणं रचली असं आपण शाळेत शिकतो. त्यातल्या निरोष्ठ रामायणात प, फ, ब, भ, म ही ओठ मिटून म्हणायची अक्षरं एकदाही येत नाहीत. राम तोच, वनवास तोच, रावणही तोच. पंतांनी नवं पात्र का निर्माण केलं नाही, असं कोणी त्यांना विचारत नाही. पंतांसारखंच स्वतःवर बंधन घालून लिहायचा खेळ विज्ञानकथांच्या चाहत्यांतही आहे. ब्रिटिश चाहत्यांनी 1980च्या दशकात 'ड्रॅबल' नावाचा प्रकार रूढ केला: बरोबर शंभर शब्दांची गोष्ट, एक कमी नाही, एक जास्त नाही. मुलीला विचारून पाहा, तिने एखादा लिहिलेला असणार. रामायण सगळ्यांचं आहे आणि मालिका कुठल्यातरी कंपनीची, हा फरक मात्र खरा आहे. त्याबद्दल पुढच्या एका उत्तरात लिहिलंय.

ज्या प्रकारचं लेखन ती करते, ते आज दिसतं त्या रूपात वाढलं ते बायकांच्या हातून. स्टार ट्रेक ही अंतराळ-मालिका अमेरिकेत 1966च्या सप्टेंबरात सुरू झाली. पुढच्याच वर्षी देवरा लँगसम आणि शर्ना कॉमरफोर्ड या दोघींनी 'स्पॉकनेलिया' नावाचं चाहत्यांचं अनियतकालिक काढलं. आपल्याकडे शाळेच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइलवर निघायच्या, तशीच त्याची पानं निघाली. असे अंक लिहिणाऱ्या, टंकणाऱ्या, पिना मारून टपालात टाकणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. 2007 साली त्याच परंपरेतल्या लेखिकांनी एक ना-नफा संस्था उभारली, आणि तिने 2009मध्ये 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे चाहत्यांच्या गोष्टींचं नेटवरचं संग्रहस्थळ उघडलं. तिथे जाहिरात नाही. देणग्या आणि स्वयंसेवक यांवर ते चालतं. या संग्रहाला 2019 साली डब्लिनच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात ह्यूगो हा विज्ञानकथेतला मानाचा पुरस्कार मिळाला. मी वाचनालयात काम करते, त्यामुळे या बायकांनी केलेली वर्गवारी पाहून मला मनापासून आदर वाटतो. लेखक हव्या त्या शब्दांत आपल्या गोष्टीचा विषय लिहितात, आणि स्वयंसेवक ते वेगवेगळे शब्द हाताने एकमेकांना जोडत बसतात, म्हणजे वाचकाला नेमकी हवी ती गोष्ट सापडते. ग्रंथपालनाचं इतकं मायेने केलेलं काम मी क्वचित पाहिलंय.

टोपणनावाचं म्हणाल, तर 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. ते होते जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी फिरवलेले. नावाकडे न पाहता कथेकडे पाहिलं जावं म्हणून त्यांनी तसं केलं. तुमच्या मुलीने टोपणनाव घेतलंय ते शहाणपणाचं आहे. ते तसंच राहू द्या.

आता सावधगिरी. शाळेचं नाव, खरं वय, फोटो, फोन नंबर यांतलं काहीही कुठेही द्यायचं नाही. लिखाणाची दाद सगळ्यांसमोर घ्यायची, खासगी गप्पांचं आमंत्रण आलं तर तुम्हाला सांगायचं. 'आर्काइव्ह'वर तेरा वर्षांखालच्यांना खातं उघडता येत नाही. गोष्टींवर कोणत्या वयासाठी आहे याच्या खुणा असतात, त्या खुणांचा अर्थ तिच्याशी एकदा मोकळेपणाने बोला. तिथे प्रौढांसाठीचं लिखाणही भरपूर असतं, आणि हे तिला तुमच्याकडून कळलेलं बरं. मग एखादी गोष्ट वाचायला मागा. दिली तर पूर्ण वाचा आणि व्याकरणाच्या चुका न काढता एक प्रश्न विचारा: 'पुढे काय होतं?'

*

मी भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक. विज्ञानकथा वाचतो. नातू मात्र दिवसभर गेम खेळतो आणि म्हणतो, 'आजोबा, हेही तेच आहे.' कसं काय?
– रत्नागिरी

सर, नातवाचं बरोबर आहे. पण तुम्हाला पटेल असा पुरावा देते.

1926च्या एप्रिलमध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी न्यूयॉर्कमध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांचं मासिक काढलं. त्यात वाचकांच्या पत्रांचं सदर होतं, आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता छापत. वाचक मग संपादकाला सोडून एकमेकांनाच लिहू लागले. त्यातून मंडळं झाली, मंडळांची हस्तनिर्मित मासिकं निघाली, आणि 1939च्या जुलैत न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं.

1962 साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतली अशीच काही विज्ञानकथावेडी मुलं पीडीपी-1 नावाच्या संगणकासमोर बसली होती. या यंत्राची ताकद दाखवायची कशी, हा प्रश्न होता. स्टीव्ह रसेल आणि मित्रांच्या डोक्यात ई. ई. स्मिथ यांच्या अंतराळयुद्धाच्या कादंबऱ्या घोळत होत्या. त्यांनी 'स्पेसवॉर' लिहिला: पडद्यावर दोन यानं, मधोमध एक तारा, आणि त्याचं गुरुत्वाकर्षण दोघांनाही आत खेचतंय. जवळून वळसा घेऊन वेग मिळवायचा की इंधन जाळून दूर राहायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. पीटर सॅमसन या त्यांच्या सहकाऱ्याला पार्श्वभूमीवरचे कसेही टाकलेले ठिपके खपेनात. त्याने खऱ्या ताऱ्यांचा नकाशा, त्यांच्या तेजस्वितेच्या फरकासह, संगणकात भरला. तुम्ही वर्गात गुरुत्वाकर्षण शिकवलंत, त्यामुळे ती यानं त्या ताऱ्याभोवती कशी वळत असतील हे तुम्हाला न बघताही दिसेल.

नातवाशेजारी खुर्ची ओढून बसा. दिवसभर खेळणं कमी करायला सांगायचं असेल, तर आधी तो काय खेळतोय ते पाहिलेलं असलं पाहिजे.

*

मी फास्टर फेणेला मंगळावर पाठवणारी दीर्घकथा लिहिली आहे. मित्र म्हणतात पुस्तक काढ. काढू का? केस होईल का?
– बी.एस्सी. द्वितीय वर्ष, कोल्हापूर

लिहिलीस हे फार छान केलंस. फुरसुंगीचा बन्या सायकलवरून मंगळावर कसा पोचला हे वाचायला मी उत्सुक आहे. पण पुस्तक काढून विकणं ही वेगळी गोष्ट आहे.

आपला स्वामित्वहक्क कायदा 1957चा. त्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. ही साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजायची. भा. रा. भागवत 2001 साली गेले, म्हणजे त्यांच्या साहित्याचे हक्क 2061 अखेरपर्यंत आहेत. कायद्याच्या 52व्या कलमात खासगी वापर, टीका, समीक्षा यांसाठी रास्त वापराची सवलत आहे. केरळ उच्च न्यायालयाने 1996 साली एका गाजलेल्या मल्याळी नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेलं नाटक या सवलतीत बसवलं, मूळ नाटकातली पात्रं आणि संवाद त्यात असूनही. तिथे पाहिलं गेलं ते असं: मूळातलं किती घेतलं, कशासाठी घेतलं, आणि त्यामुळे मूळ कलाकृतीशी स्पर्धा होते का. तुझी कथा भागवतांवर टीका करत नाही, प्रेम करते. पण कायद्यात टीकेला जेवढी जागा आहे तेवढी प्रेमाला नाही. हे मला पटत नाही, पण आहे ते असं आहे. मित्रांना वाचून दाखव. विकायची असेल तर हक्कदारांची लेखी परवानगी घे आणि छपाईआधी वकिलाला दाखव.

आता दुसरी वाट सांगते, आणि ती मला जास्त आवडते. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला. व्हर्न 1905 साली गेला. त्याची पात्रं तुझी, माझी, सगळ्यांची आहेत. त्यातही नॉटिलस या पाणबुडीचा कप्तान निमो तर आपलाच आहे. 1870च्या पाणबुडीच्या कादंबरीत त्याचा देश कळत नाही. लंकेजवळ तो एका गरीब मोती काढणाऱ्याला शार्कपासून वाचवतो, त्याच्या हातात मोत्यांची थैली ठेवतो आणि म्हणतो की हा माणूस दडपलेल्या लोकांच्या देशातला आहे. भिंतीवर एका तरुण स्त्रीची आणि दोन मुलांची तसबीर आहे. बस. पुढे 'गूढ बेटा'च्या कादंबरीत, 1875पर्यंत, व्हर्न सांगतो की हा बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कर, टिपू सुलतानाचा भाचा. दहाव्या वर्षी बापाने युरोपात शिकायला धाडला, तिशीपर्यंत तिथेच राहिला, 1849 साली परत आला, लग्न केलं, दोन मुलं झाली. 1857च्या उठावात उतरला, दहा वेळा जखमी झाला. उठाव मोडला, घरचे सगळे मारले गेले. मग थोडे विश्वासू सोबती घेऊन पॅसिफिकमधल्या एका निर्जन बेटावर त्याने नॉटिलस बांधली.

किती जागा मोकळ्या सोडल्यात बघ! युरोपातली ती वीस वर्षं. ती बायको, जिचं नावही व्हर्नने दिलेलं नाही. ते सोबती, जे नॉटिलसवर स्वतःच रचलेल्या भाषेत बोलतात. आणि झाशी बुंदेलखंडातच आहे. 1849 ते 1857 या आठ वर्षांत हा विज्ञान शिकून आलेला राजपुत्र आणि मणिकर्णिका तांबे, म्हणजे राणी लक्ष्मीबाई, एकमेकांना कधी भेटलेच नसतील? त्यांच्यात मराठी बोलणारं कोण असेल, हिंदी बोलणारं कोण? ही गोष्ट लिहायला मराठी लेखकाइतका योग्य माणूस जगात नाही.

आणखी एक गंमत. दोन कादंबऱ्यांच्या तारखा जुळत नाहीत. पहिली 1866पासून पुढे घडते, आणि दुसरीत निमो 1868 साली मरताना त्या घटनांना सोळा वर्षं झाली म्हणून सांगतो. व्हर्नकडून राहून गेलेला हा गुंता चाहते दीडशे वर्षं सोडवतायत. तूही सोडव.

वाचताना मात्र जपून निवड. डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन यांच्या नावाने 1875 साली निघालेल्या 'गूढ बेटा'च्या इंग्रजी अनुवादात निमोचं ब्रिटिशांविरुद्धचं बोलणं बदलून टाकलेलं आहे. म्हणजे ज्यासाठी आपण तो वाचायचा, तेच त्यात नाही. नवा, संपूर्ण अनुवाद शोध. आणि भागवतांच्या किंवा आणखी कुणाच्या मराठी अनुवादातली वाक्यं जशीच्या तशी घेऊ नकोस. मूळ कादंबरी मुक्त असली तरी अनुवादाचे हक्क वेगळे असतात.

*

आम्ही पाच जण रविवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फाशांचा रोलप्लेइंग गेम खेळतो, म्हणजे एकेक पात्र होऊन मिळून गोष्ट पुढे नेतो. नियम सगळे इंग्रजीत, दोघांना जड जातं. मराठीत करून वाटले तर चालेल? आणि वीस पैलूंचे फासे आम्हाला महाग पडतात.
– छत्रपती संभाजीनगर

चालेल. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम 2023च्या जानेवारीत कंपनीने क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. परवान्याचे नियम बदलायचा तिचा बेत होता, त्यावर जगभरचे खेळाडू उसळले, आणि त्यातून हे घडलं. मूळ श्रेय दिलं की अनुवाद करा, छापा, विकासुद्धा. त्या दस्तऐवजाचं नाव 'सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट 5.1'. काही खास राक्षस आणि पात्रं त्यात नाहीत, तेवढी वगळा. अख्ख्या पुस्तकाच्या मागे लागू नका. एका पानावर बसतील एवढे नियम आधी मराठीत करा आणि त्यावर खेळून बघा. 'फासा टाक', 'वार बसला', 'हुकला' एवढ्यावर अर्धा खेळ चालतो.

फाशांचं म्हणाल, तर विज्ञानकथा आवडत असेल तर 'ट्रॅव्हलर' पाहा. मार्क मिलर यांचा 1977चा खेळ, आणि त्याला लुडोचे साधे दोन फासे पुरतात. त्यात पात्र तयार करताना आधी त्याची नोकरी, बढत्या, जखमा सगळं फाशांवर ठरतं. जुन्या नियमांत तर खेळ सुरू व्हायच्या आधीच पात्र मरू शकायचं, इतकं ते आयुष्य धरून होतं.

आमच्या वाचनालयात कार्यकारिणीच्या परवानगीने शाळकरी मुलं हाच 'ट्रॅव्हलर' खेळतात. आमचा माण तालुका, दुष्काळी भाग. मुलांनी स्वतःहून निवडलेली गोष्ट अशी: गुरूच्या युरोपा या चंद्रावरून बर्फ तोडायचा आणि पाण्याची यानं भरून लघुग्रहांवरच्या वस्त्यांना पुरवायची. पाणी आधी कोणत्या वस्तीला द्यायचं, यावर त्यांच्यात जे वाद होतात ते तुम्ही ऐकायला हवेत. टँकर कुणाच्या दाराशी आधी थांबतो, कुणाच्या सांगण्यावरून थांबतो, रांगेत भांडं कुणाचं मागे सरकतं, हे त्यांना सगळं पाठ आहे. सहावीतल्या एका मुलीने वस्तीच्या सरपंचाशी अशी बोलणी केली की बाकीचे खेळ थांबवून तिच्याकडे बघत राहिले.

खेळलेल्या गोष्टी लिहून ठेवा. ली गोल्ड या लॉस एंजेलिसच्या विज्ञानकथा चाहतीने 1975 साली 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' नावाचं खेळाडूंचं नियतकालिक सुरू केलं. त्यात खेळाडू आपापल्या खेळांचे वृत्तान्त आणि नियमांवरचे वाद लिहून पाठवायचे, आणि सगळे एकत्र बांधून सगळ्यांना जायचे. जवळपास पन्नास वर्षं त्यांनी ते चालवलं. तुम्ही पाच जण आहात. एक वही पुरेल.

*

ऑनलाइन खेळताना मुलीचा आवाज ऐकला की 'खरी फॅन असशील तर हे सांग' म्हणून परीक्षा घेतात. उत्तर देऊ की सोडून जाऊ?
– पिंपरी

परीक्षा देऊ नकोस. 'म्यूट' आणि 'ब्लॉक' ही बटणं बिनदिक्कत वापर, आणि आपल्यासारख्या दोघी-तिघी शोधून गट कर. तुझ्या माहितीसाठी: 1939च्या त्या पहिल्या संमेलनात भविष्यकाळातले कपडे घालून दोन जण आले होते. ते कपडे शिवले होते मर्टल डग्लस यांनी. आज कॉमिक-कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, वेशभूषा करून मिरवणारा प्रत्येक मुलगा त्यांचं देणं लागतो.

*

मी आठवीत आहे. माझ्या गोष्टीतली नायिका यानातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात हुशार आहे. कॅप्टनही तिचं ऐकतो. एकीने लिहिलं, 'ही मेरी सू आहे.' मला वाईट वाटलं. गोष्ट काढून टाकू का? पहिली तीन प्रकरणं सोबत पाठवते आहे.
– जळगाव

मुळीच काढू नकोस. 1973 साली पॉला स्मिथ नावाच्या चाहतीने स्टार ट्रेकवरची एक छोटीशी विडंबनकथा लिहिली. तिच्यात साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट मेरी सू एकटीच सगळ्यांना वाचवते. तेव्हापासून अशा नायिकांना ते नाव पडलं. स्मिथ यांच्या हाती अशा गोष्टी पुष्कळ आल्या होत्या, कारण पुष्कळ मुलींना यानात स्वतःसाठी जागा हवी होती आणि पडद्यावर ती दिसत नव्हती. मग त्या मुलींनी ती लिहून घेतली. सगळं येणारा, सगळ्यांना हरवणारा पोरगा नायक असला की त्याला कोणी नाव ठेवत नाही, हेही लक्षात असू दे.

तुझी तिन्ही प्रकरणं मी वाचली. एकच सुचवते. चौथ्या प्रकरणात तिला एक काम जमू देऊ नकोस, आणि ते त्या स्वयंपाक्याला जमू दे, ज्याचं नाव तू अजून ठेवलेलं नाहीस. त्याला नाव दे. तिसऱ्या प्रकरणातला एअरलॉकचा, म्हणजे यानातून बाहेर पडायच्या दुहेरी दाराचा, प्रसंग मात्र आहे तसाच ठेव. ती दार उघडण्याआधी दोनदा आकडे मोजते, ते फार सुरेख उतरलंय.